गेलेली पत पुन्हा कशी उभी करावी?



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, पण बांधाबाहेरचा नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत ठिबकची प्रकरणे करताना आमच्या असे निदर्शनास आले की, कित्येक सभासदांचे प्रकरण जमिनीवरून किंवा पाण्यावरून अडत नाही. ते अडते जुन्या कर्जाच्या नोंदीवरून.

नदीकाठच्या आमच्या एका सभासदाचेच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांचा दोन एकर ऊस पाण्याखाली गेला. ट्रॅक्टरचे कर्ज एका वित्त कंपनीचे होते. लागोपाठ सात हप्ते थकले. पुढे २०२१ मध्ये कंपनीने तडजोड सुचविली, की एकरकमी एवढे भरा, बाकीचे सोडून देऊ. त्यांनी म्हैस विकून पैसे भरले आणि सुटलो म्हणून घरी आले. २०२३ साली ठिबकसाठी ते बँकेत गेले. अनुदान मागाहून मिळते, आधी पैसे आपण घालायचे असतात, म्हणून कर्ज पाहिजे होते. बँकेने नकार दिला. गट कार्यालयात येऊन ते आम्हाला म्हणाले, "साहेब, आता कुणाचं एक पैचं देणं नाही. मग बँक मला बुडवा का समजते?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून हा लेख.

पत कोठे लिहिली जाते?

पूर्वी पत गावात असे. सोसायटीचे सचिव आणि चार पंच माणूस ओळखत. आता ती नोंदवहीत असते. आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत : सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल ही सर्वांत जुनी, २००० सालची, म्हणून आपण सरसकट 'सिबिल' असेच म्हणतो. बँका व वित्त कंपन्या प्रत्येक कर्जाची आणि हप्त्याची माहिती त्यांना कळवितात. त्यावरून ३०० ते ९०० यांच्यामध्ये गुण पडतात. ७५० च्या वर गुण असले की सहसा अडचण येत नाही.

आमच्या सभासदांच्या अहवालात दोन गोष्टी निघाल्या. सात हप्ते किती दिवस थकले ते महिन्यावार लिहिलेले होते, आणि कर्जापुढे 'सेटल्ड' असा शेरा होता. त्यांच्या मते कर्ज फिटले होते. बँकेच्या मते त्याचा अर्थ 'पूर्ण फेडले नाही, तडजोडीवर सुटले' असा होतो. एवढ्या एका शब्दावर ठिबक अडले.

आधी निचरा, मग पीक

क्षारपड जमीन आपण कशी सुधारतो? अति पाण्याने ती बिघडलेली असते. तिच्यात लगेच उसाची लागण करून भागत नाही. आधी चर काढून निचरा करावा लागतो, मग धैंचा घेऊन गाडावा लागतो. एका हंगामात जमीन परत येत नाही, पण येते. पतीचेही तसेच आहे. सबब क्रम चुकवू नये.

१. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवावा. त्यासाठी कोणास पैसे देऊ नयेत. "सिबिल साफ करून देतो" म्हणणारे एजंट फिरत असतात. खरी नोंद कोणालाही पैसे घेऊन पुसता येत नाही.

२. अहवालातील प्रत्येक कर्ज आपलेच आहे का ते पाहावे. आपण कोणाला जामीन राहिलो असलो तर तेही त्यात दिसू शकते. फेडलेले कर्ज चालू दिसत असेल किंवा दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर असेल तर तक्रार करावी. तक्रारीस पैसे पडत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे.

३. थकबाकी असेल तर शक्यतो पूर्ण भरावी. तडजोड केल्याशिवाय गत्यंतर नसेल तर करावी, पण 'सेटल्ड' शेरा पडणार हे समजून करावी. फेडल्यावर बेबाकी दाखला घेतल्याशिवाय तेथून उठू नये.

आमच्या सभासदांनी कंपनीकडे पुन्हा जाऊन सोडून दिलेले ३८ हजार रुपये दोन टप्प्यांत भरले, दाखला घेतला आणि शेरा बदलून 'क्लोज्ड' करवून घेतला. थकलेल्या हप्त्यांची नोंद मात्र राहिली. ती राहणारच. या कंपन्यांना माहिती किमान ७ वर्षे जपून ठेवावी लागते. जुने पुसता येत नाही. त्यावर नवे, चांगले लिहीत राहावे लागते.

कार्ड कशासाठी?

आता नवे चांगले लिहायचे तर कर्ज पाहिजे, आणि पत गेली म्हणून कर्ज कोणी देत नाही. येथे मुदत ठेवीवरचे क्रेडिट कार्ड उपयोगी पडते. आपण बँकेत ठेव ठेवायची, ती बँकेकडे तारण राहते, तिच्यावर व्याज चालूच राहते, आणि ठेवीच्या प्रमाणात कार्डाला मर्यादा मिळते. बँकेला धोका नसल्यामुळे कमी गुण असले तरी हे कार्ड मिळू शकते. ते बहुधा व्यापारी बँकांतून मिळते. घेण्यापूर्वी वार्षिक शुल्क किती आणि व्यवहाराची माहिती पत-कंपन्यांना कळविली जाते ना, हे विचारून घ्यावे.

हे कार्ड म्हणजे धैंचा आहे, ऊस नव्हे. ते उत्पन्नासाठी घ्यायचे नसते, जमीन सुधारण्यासाठी घ्यायचे असते. कार्डावर जो खर्च करावयाचा तो आपण रोखीने करणारच होतो, असाच असला पाहिजे.

वापरण्याचे नियम

• एक किंवा दोन ठरलेले खर्चच कार्डावर करावेत. घरचे लाईट बिल आणि ट्रॅक्टरचे डिझेल, बस्स.

• मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहावे. मर्यादा १८ हजार असेल तर साधारण ५ हजारांच्या वर जाऊ नये. मर्यादा मिळाली म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे.

• बिल पूर्ण भरावे आणि तारखेच्या चार दिवस आधी भरावे.

• कार्डावर एटीएममधून रोख काढू नये. खरेदीला साधारण २० ते ५० दिवस व्याज नसते, पण रोखीला पहिल्या दिवसापासून व्याज लागते, शिवाय वेगळे शुल्क.

• एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज करू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते आणि माणूस पैशाला हपापलेला दिसतो.

• पाहुण्यांना, भावकीला कार्ड वापरायला देऊ नये. ओटीपी कोणालाही सांगू नये.

किमान रकमेचा फास

बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात, एकूण देय आणि किमान देय. आमचा माणूस नेमका दुसरी बघतो. समजा १० हजार देणे आहे, व्याज महिना साडेतीन टक्के आणि किमान रक्कम ५०० रुपये. व्याज झाले ३५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३, म्हणजे ४१३ गेले. मुद्दलातून फिटले फक्त ८७ रुपये! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीलाही त्या दिवसापासून व्याज सुरू. दर कार्डागणिक वेगळा असतो. पण साडेतीन टक्के महिना म्हणजे साल ४२ टक्के, हे विसरू नये. गावच्या सावकाराला आपण नावे ठेवतो, तोही याच्या आसपासच असतो.

कोणत्या पैशातून भरावे?

हा मुद्दा आमच्या सभासदांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. कार्डाचे बिल महिन्याला येते, उसाचे येत नाही. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल देण्याची तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण तोड लांबते, हंगाम उशिरा सुरू होतो, बिलही कधी मागे-पुढे होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. उसाच्या बिलाच्या भरवशावर कार्ड वापरू नये, हे आम्ही कारखान्याचे नोकर असूनही सांगतो.

वर सांगितलेल्या सभासदांनी कार्ड दुधाच्या बिलाला बांधले. दूध दर दहा दिवसांनी पैसे देते. ज्या कॅलेंडरवर वहिनी दुधाचे लिटर लिहितात, त्याच्यावरच कार्डाची तारीख लाल पेनाने लिहिलेली असते. दुधाचे पैसे जमतील तेवढेच डिझेल कार्डावर. ज्यांच्या घरी असे महिन्याचे उत्पन्न नाही, त्यांनी कार्ड न घेतलेले बरे.

किसान क्रेडिट कार्ड वेगळे

नावात कार्ड असले तरी १९९८ पासूनची किसान क्रेडिट कार्ड योजना ही पीक कर्जाची सोय आहे. ते पिकाच्या मुदतीत फेडायचे असते. मुदतीत फेडणाऱ्याला ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांचे व्याज केंद्राच्या सवलतीने ४ टक्क्यांवर येते. मुदत चुकली की सवलतही गेली आणि पतही गेली. ऊस बिलातून कपात झाली म्हणून निर्धास्त राहू नये. कपात झालेली रक्कम आपल्या खात्यावर मुदतीच्या आत जमा झाली का, हे स्वतः जाऊन पाहावे.

असो. त्या सभासदांनी २० हजारांची ठेव ठेवून कार्ड घेतले. दीड वर्षात एकही तारीख चुकवली नाही. गुण हळूहळू चढले, एकदम नव्हे. २०२५ मध्ये बँकेने ठिबकचे कर्ज मंजूर केले. मागितले त्याहून कमी, आणि एक जामीन घेऊन. आम्ही प्लॉट पाहायला गेलो तेव्हा म्हणाले, "पूर्वीसारखं नाही मिळालं साहेब, पण दार उघडलं."

दार उघडले हे खरे. आता ते उघडे ठेवणे त्यांच्या हाती आहे, आणि ज्यांचे अजून बंद आहे त्यांच्याही हाती आहे. आपला अहवाल वाचून घ्यावयाचा असल्यास तो घेऊन गट कार्यालयात यावे. लाजू नये. महापुरात ऊस गेला त्याची लाज नाही, तशी हप्ते थकले त्याचीही नाही. लाज वाटावी ती फक्त अहवाल न बघता पुन्हा नवे कर्ज काढण्याची.

कळावे.