चौऱ्याऐंशी हजारांची फोड



प्रवचनात ८४,००० ही संख्या आपण अनेकदा ऐकतो. बुद्धांकडून ८२,००० व भिक्खूंकडून २,००० असे एकूण ८४,००० धम्मस्कंध आपण ग्रहण केले, असे स्थविर आनंद थेरगाथेत सांगतात. सम्राट अशोकाने दर धम्मस्कंधामागे एक याप्रमाणे ८४,००० विहार उभारले, असे महावंसात आहे. आमच्या मते अफाट विस्तार सांगण्याची ती जुनी रीत असावी. पण कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्ट तपासून घ्यायला सांगितले, आणि संख्या तर आपल्या आंबवड्यातील आठवीच्या मुलीलाही वहीवर तपासता येते.

प्रथम मूळ अवयव पाडू. ८४,००० मध्ये पाच वेळा २, एकदा ३, तीन वेळा ५ आणि एकदा ७ येतो. विभाजक बनवताना २ हा अवयव एकदाही न घेता किंवा पाचपर्यंत कितीही वेळा घेता येतो, म्हणजे सहा प्रकारे. तसेच इतरांचे धरून ६×२×४×२ = ९६ विभाजक मिळतात. १ ते ८ या प्रत्येक संख्येने नि:शेष भाग जातो. ९ ने जात नाही, कारण ३ एकदाच आहे. स्वतः ८४,००० सोडून बाकी विभाजकांची बेरीज २,३०,४९६ होते. बेरीज मूळ संख्येहून मोठी, म्हणून ही विपुल संख्या.

डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येस 'हर्षद' म्हटले. ८+४ = १२, आणि ८४,००० ÷ १२ = ७,०००. ८२,००० व २,००० याही हर्षदच. अर्थात शेवटी एवढी शून्ये असली की हे सोपे जाते. त्यात चमत्कार नाही.

खरी मौज ८२,००० मध्ये आहे. पाया ५ घेतला तर ७८,१२५ + ३,१२५ + ६२५ + १२५ = ८२,०००; म्हणून ती १०१११००० अशी लिहिली जाते. पाया ४ मध्ये ११०००११००, पाया ३ मध्ये ११०१११११००१. सर्वत्र फक्त ० आणि १! द्विमान पद्धतीत तर प्रत्येक संख्या तशीच असते. १ नंतर पाया २, ३, ४, ५ या चारही पद्धतींत अशी दिसणारी सर्वांत लहान संख्या हीच, आणि पुढची अजून कोणास सापडलेली नाही. मात्र 'प्राचीनांना संगणक ठाऊक होता' असे कोणी व्यासपीठावरून म्हणू लागला, तर त्याला पाया ६ मांडायला सांगावे. १४३१३४४ येते.

कापरेकरांचा आणखी एक खेळ. ८३,९६७ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज ३३ मिळवली की ८४,००० येते. म्हणून ८३,९६७ ही तिची जनक. जनक नसलेल्या संख्येस ते स्वयंभू म्हणत. ८२,००० व २,००० यांनाही प्रत्येकी एक जनक आहे. ते मुलांनी शोधावेत.