घोड्याला जंताचे औषध : किती आणि केव्हा?

प्रश्न : घोड्यांना दर दोन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे का?

उत्तर : प्रौढ घोड्यांना ठरावीक अंतराने सरसकट औषध देण्याची जुनी पद्धत आता घातक ठरली आहे. तिच्यामुळे लहान स्ट्राँगाइल जंत फेनबेंडाझोल गटाच्या औषधांना बहुतेक ठिकाणी दाद देत नाहीत. आधी ताज्या लिदीतील अंडी मोजून घ्यावीत. ग्रॅममागे साधारण २०० पेक्षा कमी अंडी असलेल्या निरोगी प्रौढ घोड्याला दर वेळी औषध लागत नाही. वर्षातून एकदोनदा पुरते. शिंगरांचे वेळापत्रक वेगळे. पहिली मात्रा दोन-तीन महिन्यांच्या वयात.

मात्रा वजनावरच ठरवावी, अंदाजाने कधीही नाही. वजन असे काढावे : कोपरामागून घेतलेल्या छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. मापे सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. घेर १५०, लांबी १३० असलेले तट्टू सुमारे २४६ किलोचे भरते. आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाची मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, तोंडावाटे. त्याचे गुरांसाठीचे इंजेक्शन घोड्याला टोचू नये. त्या जागी जीवघेणा संसर्ग होऊ शकतो.

औषधानंतर चौदा दिवसांनी लीद पुन्हा तपासावी. आयव्हरमेक्टिननंतरही अंडी जेमतेम घटली असतील, तर मात्रा वाढवू नये, पशुवैद्यकाकडून औषध बदलून घ्यावे.