मानसिक आजार, प्रसारमाध्यमे आणि सूरह हुजुरातची शिकवण

मक्केतील विरोधकांना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या संदेशाचे उत्तर देता येईना, तेव्हा त्यांनी आपांना ‘मजनून’ म्हणजे वेडा ठरविले. सूरह अल्-कलमच्या प्रारंभीच अल्लाहने या आरोपाचे खंडन केले आहे. एक शब्द माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याआधीच त्याला समाजाबाहेर कसा लोटतो, हे यावरून ध्यानी यावे.

आज हाच शिक्का मानसिक आजाराने पीडित व्यक्तींवर मारला जातो. चित्रपटात अशी व्यक्ती एक तर थट्टेचा विषय असते, नाही तर खुनी. एखादा हल्ला घडला की वैद्यकीय तपासणीपूर्वीच ‘माथेफिरूचे कृत्य’ असा मथळा झळकतो. वास्तविक अशा बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात. उलट इतरांच्या हिंसेला बळी पडण्याचा धोका त्यांनाच अधिक असतो. या चित्रणाचा परिणाम घराघरांत दिसतो. मुलीचे स्थळ मोडेल या भीतीने आजार लपविला जातो आणि उपचार लांबत जातात.

सूरह अल्-हुजुरातमध्ये यासंबंधी तीन आदेश आढळतात. सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, जेणेकरून अजाणतेपणी कोणाचे नुकसान होऊन पश्चात्तापाची पाळी येऊ नये. अकराव्या आयतीत परस्परांची थट्टा करण्यास व वाईट नावे ठेवण्यास मनाई आहे. बाराव्या आयतीत संशय, दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा शोध आणि पाठीमागे निंदा या तिन्ही गोष्टी निषिद्ध ठरविल्या आहेत.

या तिसऱ्या आदेशाचे उल्लंघन आपण 2020 साली पाहिले. अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मानसिक आरोग्याची व उपचारांची चर्चा दूरचित्रवाणीवर कित्येक आठवडे चालली. भारतीय वृत्तपत्र परिषदेला माध्यमांना संयमाची सूचना द्यावी लागली. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही अशा वार्तांकनावर कठोर ताशेरे ओढले. वस्तुतः मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 24 नुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र वा माहिती तिच्या संमतीविना माध्यमांना प्रसिद्ध करता येत नाही.

याउलट एक आदर्श पाहा. हजरत अनस (रजि.) यांच्या निवेदनानुसार, बुद्धीत काही बिघाड असलेली एक स्त्री प्रेषितांकडे (स.) आली आणि आपले काही काम असल्याचे तिने सांगितले. प्रेषितांनी (स.) तिला आदराने ‘अमक्याची आई’ असे संबोधिले आणि तिला हवा तो रस्ता निवडण्यास सांगितले. मग तिचे काम पूर्ण होईपर्यंत आप तिच्यासोबत वाटेवर थांबले (हदीस : मुस्लिम). विशेष म्हणजे या निवेदनात त्या स्त्रीचे नाव नाही आणि तिचे काम काय होते हेही नाही. तिची प्रतिष्ठा व तिचे गुपित दोन्ही राखले गेले.

माध्यमांना दोष देणे सोपे आहे. परंतु मोबाइलमुळे आज प्रत्येक घर वृत्तपत्र बनले आहे. रस्त्यावर असंबद्ध बोलणाऱ्या एखाद्याची चित्रफीत आपण हसत पुढे पाठवतो, तेव्हा सूरह हुजुरातचा प्रश्न वाहिन्यांना नव्हे, आपल्यालाच असतो. अशी चित्रफीत आपल्यापाशीच थांबावी, घरात ‘वेडा’ ही शिवी बंद व्हावी आणि आजारी आप्ताला वेळीच डॉक्टरांकडे न्यावे. सुरुवात येथूनच होते.

अल्लाह आम्हा सर्वांना दुर्बलांची प्रतिष्ठा जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.