धावताना तोंडात गेलेलं चिलट

पोलीस भरतीसाठी आपल्या वस्तीतली मुलं-मुली पहाटे नाल्याकडेच्या रस्त्यावर धावतात. तोंडात चिलट नाहीतर डास जातोच. 'तेवढंच प्रोटीन!' म्हणून हसतात. आम्ही हिशेब मांडला. डास साधारण २ मिलिग्रॅमचा, त्यात प्रथिनं अर्धा मिलिग्रॅमही नाहीत. एका अंड्यात ६ ग्रॅम. म्हणजे एका अंड्यासाठी १२ हजारांवर डास गिळावे लागतील! गिळलेला डास पोटात पचून जातो. मलेरिया चावण्यातून होतो, गिळण्यातून नाही. मात्र मधमाशी किंवा गांधीलमाशीने घशात डंख मारला, सूज आली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

रिकाम्या पोटी धावून चक्कर येणाऱ्या मुली आम्ही पाहतो. धावून आल्यावर मूठभर भिजवलेले शेंगदाणे किंवा चणे द्या, जमलं तर अंडं. मुलाला जेवढं, तेवढंच मुलीलाही.