अंधारातील डोळे
(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी पाठ)

पाटणाकडील एखाद्या वाडीत रात्री कंदील घेऊन गोठ्यात शिरले, म्हणजे बैलाचे डोळे चमकतात, हे आमच्या वाचकांनी पाहिलेच असेल. रानाच्या कडेला असेच दोन डोळे दिसले, तर कित्येक जण भुताटकी समजून भितात. वास्तविक त्या डोळ्यांचा स्वतःचा उजेड नसतो. डोळ्याच्या आतील दृष्टिपटलामागे एक चकाकता पडदा असतो. पहिल्या खेपेस जो प्रकाश पकडावयाचा राहिला, तो हा पडदा दृष्टिपटलाकडे परतवितो. त्यांतील थोडा बाहेर येतो, तोच आपणांस दिसतो.

आता समुद्राकडे वळू. कोयना धरणाची भिंत सुमारे १०३ मीटर उंच आहे. तशा दोन भिंती एकीवर एक ठेवाव्या, इतक्या खोलीवर, म्हणजे सुमारे २०० मीटरांवर, समुद्रात संधिप्रकाश लागतो. आणि १,००० मीटरांखाली सूर्याचा उजेड पोहोचतच नाही. पाणी तांबडा प्रकाश आधी गिळते; निळा सर्वांत खोल जातो.

तेथील पुष्कळ माशांचे डोळे या स्थितीस साजेसे आहेत. बाहुली व भिंग मोठे, म्हणून उजेड अधिक आत येतो. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी लांब व दाट असून त्या निळ्या प्रकाशास विशेष जाणतात. काहींना बैलासारखा चकाकता पडदाही आहे. काहींचे डोळे नळीसारखे वर रोखलेले असतात. वरच्या अंधूक उजेडात भक्ष्याची सावली त्यांस दिसते, परंतु बाजूचे फारसे दिसत नाही. अगदी खाली प्राण्यांच्या अंगचाच प्रकाश काय तो असतो.

मुंबईस १८८१ साली बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजाने आपल्या समुद्राचा तळ धुंडाळला. त्यावर १८८८ पासून १८९२ पर्यंत काम केलेले डॉक्टर आल्कॉक यांनी १८९८ साली त्रावणकोरकडील खोल पाण्यातील एका माशाचे वर्णन केले. त्याचे डोळे अगदी क्षुद्र, बहुतेक निरुपयोगी आहेत. म्हणजे काळोखात सर्वांना एकच साधन मिळालेले नाही.

बंधुभगिनींनो, “मला अक्षर येत नाही, मला थोडेच कळते,” असे म्हणून मागे बसणारे आमच्या मंडळ्यांत आहेत. त्यांस आम्ही सांगतो, खोल पाण्यातील मासा दुपारच्या उन्हाची वाट पाहात नाही; जो किरण येतो, तो वाया जाऊ देत नाही. रविवारी ऐकलेले पहिल्या खेपेस निसटले, तर घरी चुलीपाशी ते पुन्हा बोलावे. बैलाच्या डोळ्यातील पडदा हेच करतो. आणि उपदेशकांनी मंद दृष्टीच्या भावाला हसू नये. त्याच्याजवळ उजेड न्यावा.

वर्गात स्तोत्र १३९ वाचावे व पुढील प्रश्न विचारावे.

१. बैलाचे डोळे रात्री का चमकतात?
२. वर रोखलेल्या डोळ्याचा लाभ कोणता व तोटा कोणता?
३. या आठवड्यात ऐकलेली कोणती गोष्ट तुम्ही घरी पुन्हा सांगाल?