वानिकी संशोधन संस्थेची कार्यलक्ष्ये : निश्चिती आणि मर्यादा

शासकीय संस्थेस अनुदान किती मिळाले यापेक्षा त्यातून काय साधले, हा प्रश्न प्रशासनात आता अधिक महत्त्वाचा मानला जातो. मात्र वानिकी संशोधनाच्या क्षेत्रात त्याचे उत्तर सोपे नाही. सागाचे झाड परिपक्व होण्यास अनेक दशके लागतात, तर लक्ष्ये आर्थिक वर्षागणिक ठरतात. देहरादून येथील भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेच्या उदाहरणावरून हा प्रश्न समजून घेता येईल.

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेची स्थापना 1906 मध्ये झाली. देशातील वानिकी संशोधनाचे समन्वयन करण्यासाठी 1986 मध्ये परिषद अस्तित्वात आली आणि 1991 मध्ये तिला स्वायत्तता मिळाली. जोधपूर, जबलपूर, जोरहाट, कोईमतूर आदी ठिकाणी तिच्या संस्था आहेत.

केंद्र शासनाने 2009 मध्ये निष्पत्ती-आराखडा दस्तऐवज, अर्थात ‘आरएफडी’ ही पद्धत सुरू केली. तीत उद्दिष्टांना एकूण 100 भारांक वाटून दिले जात आणि प्रत्येक निर्देशकाची कामगिरी उत्कृष्ट (100), अति उत्तम (90), उत्तम (80), साधारण (70) व असमाधानकारक (60) अशा श्रेणीत मोजली जाई. 2014 नंतर ही पद्धत मागे पडली. तथापि तिच्यामागील तत्त्व आजही उपयुक्त आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. प्रकल्पपूर्तीस 40, सुधारित वाणांस 30 आणि शेतकरी प्रशिक्षणास 30 भारांक आहेत. संस्थेने अनुक्रमे 90, 80 व 100 गुण मिळविले, तर भारित गुण 36 + 24 + 30, म्हणजे 90 होतात. परंतु प्रशिक्षित शेतकऱ्यांपैकी एकानेही सुधारित रोपे लावली नाहीत, तरी हा आकडा बदलत नाही. ‘आउटपुट’ म्हणजे पूर्ण झालेले काम, तर ‘आउटकम’ म्हणजे त्या कामामुळे घडलेला बदल. येथे केवळ आउटपुट मोजले गेले.

यावर उपाय म्हणून देशाचे वनक्षेत्र हाच निर्देशक घ्यावा काय? 2023 च्या अहवालानुसार वन व वृक्षाच्छादन 25.17 टक्के आहे. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीचे लक्ष्य एक-तृतीयांश आहे. परंतु हे प्रमाण राज्यांची वनखाती, जमिनीचा वापर, वणवे व पाऊस यांवरही अवलंबून असते. जे संस्थेच्या नियंत्रणात नाही, त्यासाठी तिला उत्तरदायी धरणे न्याय्य नव्हे.

म्हणून मधला टप्पा निवडणे श्रेयस्कर ठरते : वनखात्यांनी स्वीकारलेले वाण, रोपवाटिकांना पुरविलेले दर्जेदार बियाणे, लागवडीनंतर जगलेल्या रोपांचे प्रमाण. दीर्घ प्रयोगांसाठी वार्षिक यशाऐवजी टप्पे ठरवावेत. अन्यथा सहज पूर्ण होणारे छोटे प्रकल्पच हाती घेतले जातील आणि देशाला गरज असलेले दीर्घकालीन संशोधन मागे पडेल.

सामान्य वित्तीय नियम, 2017 मधील नियम 229 नुसार वार्षिक पाच कोटी रुपयांहून अधिक अनुदान घेणाऱ्या स्वायत्त संस्थांनी मंत्रालयाशी सामंजस्य करार करून मोजता येण्याजोगी लक्ष्ये नमूद करणे अपेक्षित आहे. 2017-18 पासून केंद्रीय योजनांसाठी आउटपुट-आउटकम आराखडाही तयार होतो. उत्तरदायित्व आवश्यकच आहे. मात्र मापदंडाने झाडाच्या वाढीची गती ओळखली पाहिजे, हे परीक्षार्थींनी ध्यानी घ्यावे.