छोट्या खाद्यव्यवसायाची नोंदवही

गुढियारीच्या घाऊक बाजारातून डाळ, बेसन, तेल, मसाले घेऊन आपण घरी चकली, शेव, पापड, लोणची किंवा जेवणाचे डबे तयार करून विकत असाल, तर ही पत्रिका आपल्यासाठी आहे. आपण असे पदार्थ केवळ विकत घेऊन खात असाल, तरीही ती आपण वाचावी. कारण विक्रेत्याच्या वहीत जे लिहिलेले असते किंवा नसते, त्याचा परिणाम आपल्या प्रकृतीवर होतो.

अन्नातून होणारा आजार त्याच दिवशी प्रकट होईल असे नाही. हाताळताना स्टॅफिलोकोकस जीवाणूंचे विष मिसळलेली मिठाई खाल्ल्यास काही तासांतच उलट्या सुरू होतात. साल्मोनेला जीवाणूंमुळे होणारे जुलाब व ताप ६ ते ७२ तासांत दिसतात. विषमज्वराला साधारणतः एक ते तीन आठवडे लागतात. काविळीच्या ‘अ’ प्रकारास १४ ते २८ दिवस आणि ‘ई’ प्रकारास २ ते १० आठवडे. महिन्यापूर्वी कोणत्या दिवशी कोणाकडून आणलेले बेसन वापरले किंवा पाण्याची टाकी केव्हा धुतली, हे स्मरणावर विसंबून सांगता येत नाही. अशा वेळी वहीच उपयोगी पडते. २०१८ च्या उन्हाळ्यात रायपूरच्या मोवा भागात काविळीची साथ आली होती. अशा साथीत वैद्यकीय पथकाला सर्वप्रथम हेच जाणून घ्यायचे असते, की रुग्णांनी मागील काही आठवड्यांत कोठले पाणी प्याले व काय खाल्ले. म्हणून पाणी कोठून घेतले, टाकी कोणत्या तारखेस स्वच्छ केली आणि पाणी गढूळ आले त्या दिवशी काय केले, याला वहीत स्वतंत्र पान द्यावे.

वहीतील नोंदींनी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: माल कोठून आला, आपल्या स्वयंपाकघरात त्याचे काय झाले, आणि तो कोठे गेला. यांपैकी पहिल्या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. घाऊक बाजारात सुटा माल घेताना पावती मागण्याचा संकोच वाटतो किंवा नेहमीच्या दुकानदारावर अविश्वास दाखविल्यासारखे वाटते. हा संकोच सोडावा. लाखोळीच्या डाळीचे उदाहरण घ्या. छत्तीसगडमध्ये जिला तिवरा म्हणतात, ती ही डाळ. ती अनेक महिने मुख्य आहार म्हणून खाल्ल्यास पाय कायमचे लुळे पडण्याचा विकार होऊ शकतो आणि तिच्या विक्रीवर अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी निर्बंध घातलेला आहे. अख्खी असताना ती ओळखता येते. मात्र दळून हरभऱ्याच्या बेसनात मिसळल्यावर डोळ्यांनी ओळखणे जवळजवळ अशक्य होते. आपल्या शेवेत ती सापडली, तर पावती व खरेदीची नोंद यांच्या आधारेच आपणास दोष मूळ पुरवठादाराकडे दाखविता येईल. तारीख, विक्रेता, वजन, पाकिटावरील बॅच क्रमांक व वापराची अंतिम मुदत एवढे लिहावे. पावती वहीतच चिकटवावी. सुट्या मालाला बॅच क्रमांक नसतो. अशा वेळी आपणच पोत्याला क्रमांक द्यावा व तोच वहीत उतरवावा.

डब्यावरील चिठ्ठी हीसुद्धा नोंदच आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले मृत्युमुखी पडली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले होते. घरातील प्रत्येक डब्यावर आत काय आहे व तो केव्हा भरला हे लिहावे. कीटकनाशकाचा रिकामा डबा, कितीही धुतला तरी, अन्नासाठी कधीही वापरू नये. चिठ्ठी नसलेल्या डब्यातील पदार्थ वास घेऊन किंवा चाखून ओळखण्याचा प्रयत्न करू नये. तो टाकून द्यावा.

स्वयंपाकाच्या नोंदीत वेळ व तापमान यांना महत्त्व आहे. अन्नाचा मध्यभाग ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. वाढेपर्यंत गरम ठेवायचे अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड ठेवायचे अन्न ५ अंशांच्या खाली असावे. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये. भाताच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी, कारण बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, बाहेर राहिलेल्या भातात वाढतात व त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून डब्याचा भात केव्हा उतरवला व डबे केव्हा रवाना झाले, या दोन वेळा लिहाव्यात. अन्नासाठीचा तापमापक बर्फाच्या पाण्यात बुडवल्यास शून्य अंश दाखवितो का, हे अधूनमधून पाहावे. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरण्यास कायद्याने मनाई आहे. हे घरी मोजता येत नसले तरी कढईत ताजे तेल कोणत्या तारखेस घातले व जुने केव्हा काढले, हे लिहिता येते.

दुकानांना किंवा समारंभासाठी दिलेल्या मालाची नोंद नाव व तारखेसह ठेवावी, म्हणजे आवश्यकता पडल्यास तेवढाच माल परत मागविता येतो. दारावर पावशेर शेव घेणाऱ्याचे नाव लिहिण्याची गरज नाही. काम करणाऱ्यास जुलाब, ताप, कावीळ किंवा हातावर पिकलेली जखम असेल, तर त्यास अन्नाच्या कामापासून दूर ठेवून तारीख लिहावी.

नोंद ज्या त्या वेळीच करावी. वही चुलीजवळच्या खिळ्याला पेन्सिलीसह टांगलेली असली तर ती भरली जाते. कपाटात ठेवलेली सहसा भरली जात नाही. शनिवारी बसून आठवड्याचे सर्व रकाने एकाच शाईने भरलेली वही तपासनीसाच्या तत्काळ लक्षात येते, आणि ती कोणाच्याही उपयोगाची नसते. एखादा दिवस राहिला तर तो रकाना कोरा सोडावा. चूक झाल्यास एक रेघ मारून शेजारी योग्य आकडा लिहावा, खोडरबर वापरू नये. वह्या किमान एक वर्ष, किंवा पदार्थ त्याहून अधिक काळ टिकणारा असल्यास तितका काळ, जपून ठेवाव्यात. लोणची करणाऱ्यांनी ही बाब विशेष ध्यानात घ्यावी.

ग्राहकांनी पावती घ्यावी. १ जानेवारी २०२२ पासून पावतीवर विक्रेत्याचा १४ अंकी अन्नसुरक्षा परवाना किंवा नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ताटाजवळ ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिलेले असले पाहिजे. पदार्थाविषयी शंका असल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणीही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून त्याची तपासणी करवून घेऊ शकतो. मात्र हा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास सांगावा लागतो. तपासणीत दोष आढळल्यास शुल्क परत मिळते.

खाल्ल्यानंतर उलट्या किंवा जुलाब झाल्यास जलसंजीवनी देणे त्वरित सुरू करावे. शौचातून रक्त पडणे, लघवी कमी होणे, ग्लानी येणे किंवा डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता दवाखान्यात जावे. रुग्ण लहान मूल, वृद्ध किंवा गर्भवती असेल, तर या लक्षणांची वाट पाहू नये. मागील तीन दिवसांत काय व कोठे खाल्ले, हे दवाखान्यात जाण्यापूर्वी कागदावर लिहून न्यावे. उरलेला पदार्थ फेकू नये. तो झाकून, ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावून शीतकपाटात वेगळा ठेवावा आणि पावतीसह अन्नसुरक्षा अधिकाऱ्यास दाखवावा. तक्रारीसाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-११-२१०० हा आहे.